व्याजाचा रकाना

शनिवारी चार वाजता, मत्राच्या बंदरामागे,
सुताच्या दुकानावरच्या खोलीत आमचा वर्ग भरतो.
खुर्च्या अकरा, माणसं सोळा, एसी एक, तोही आपल्या मर्जीचा.
मी फळ्यावर उभी रेघ ओढते.
इकडे जमा, तिकडे खर्च.

पहिल्या दिवशी अरबी येत नाही म्हणून घाबरले होते.
बोलले आपली मराठीच, तुटक तुटक:
हिशेब. रक्कम. बाकी. नफा.
आणि माना डोलू लागल्या,
जणू त्यांच्याच घरची भांडी
मी घासूनपुसून परत आणली होती.
कर्ज त्यांचं. जामीन त्यांचा. वसूलसुद्धा त्यांचंच.
चिल्लरीला ते बैसा म्हणतात;
तो मात्र आपला पैसा,
अरबीला प नाही म्हणून जरा घोगरा झालेला.
संध्याकाळी फळा पुसताना पाहिलं,
कुणाची मान न हललेले शब्द दोनच होते,
अस्सल आमच्याकडचे:
तोटा, आणि व्याज.

संस्थेचं कर्ज बिनव्याजी. सहाशे रियालपर्यंत,
दोन जामीन, बारा वर्ग, मग महिन्याला पन्नास.
इचलकरंजीच्या पतसंस्थेत मी एकोणीस वर्षं वसुलीला होते.
हात आपोआप चौथा रकाना आखायला जातो.
आखते, आणि मोकळा सोडते.

खमीस बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, भावांकडून पैसे घेत नाही,
आणि त्याला भाऊ सत्तावीस.
दुर्बीबी टोप्यांवर कशिदा काढते, एका टोपीला महिना,
किंमत सांगताना जमिनीकडे बघते.
तिला मी आरशासमोर ‘पस्तीस रियाल’ म्हणायला लावलं.
सहाव्यांदा हसू आलं, सातव्यांदा आकडा.

झुवैना पापडासारखी रोटी करते, खुब्ज रखाल,
कढत लोखंडावर उघड्या तळव्यानं पीठ पसरत.
तव्याला तीही तावाच म्हणते.
तिनं पीठ लिहिलं, गॅस लिहिला, पिशव्या लिहिल्या.
विचारलं, आणि तुझे हात?
म्हणाली, हात तर घरचेच.
लिही म्हटलं. दिवसाला तीन रियाल. झुवैनाची मजुरी.
तिनं ते इतक्या बारीक अक्षरात लिहिलं
की नवऱ्यानं वही उघडली तरी दिसू नये.

मग नवराच गेला.
चार महिने दहा दिवस ती उंबऱ्याच्या आत.
दुसऱ्या महिन्यात हप्ता चुकला, आणि मी निघाले.
कुणी पाठवलं नव्हतं. पायांना सवय.
गल्लीचा चढ चढताना आठवली
जवाहरनगरातली शेवयांची मशीन,
जिचा पट्टा मी स्वतः उतरवून आणला होता,
आणि मशीनवाली म्हणाली होती,
मॅडम, चहा तरी घ्या.

झुवैनानं कहवा दिला, खजूर पुढे केले.
मागे लेक तव्यापाशी, रोट्या जाड पडत होत्या.
मी म्हटलं, सावकाश दे. समितीला मी सांगते.
तिनं पिठाच्या डब्यातून पन्नास काढले,
चाळीसच्या नोटा, दहाची मोड.
म्हणाली, माझ्या मजुरीतले आहेत.
तूच लिहायला लावली होतीस.
मग, नुसतंच विचारायचं म्हणून:
उशीर झाला तर वर काय घेतात तुमच्याकडे?
मी शब्द सांगितला.
वियाग? वियाज?
दोनदा चघळून पाहिला तिनं,
आणि खजुराच्या बीसारखा बशीत काढून ठेवला.

पावती फाडली. चौथा रकाना कोरा.
पुरे म्हणायला पेला हलवायचा असतो, मी हलवला नाही.
ती ओतत राहिली, मी पीत राहिले.
तो चहा मी घेतला नव्हता.